रोटाच्या डब्याखालची नोटीस

आमच्या घरात एखादी वस्तू हरवू नये असं फार वाटलं, की मी ती इतकी जपून ठेवते की पुढे मलाच सापडत नाही. सोन्याची बाळी एकदा तुरीच्या डाळीत अडीच वर्षं राहिली. पण त्या वेळी कुणाचं लायसन्स गेलं नव्हतं.

कानबाई बसायच्या आधीच्या गुरुवारी दुपारी पोस्टमन आला, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत पिठात होते. पीठ रोटाचं. ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही खानदेशी माणसं नारळाला नथ घालतो, डोळे काढतो, चौरंगावर बसवतो, रात्रभर जागतो आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतो. तिच्या नैवेद्याचे ते रोट. गहू निवडून, धुऊन, वाळवून दळायचे, पीठ एका डब्यात भरून पाटावर ठेवायचं. अंघोळ केल्याशिवाय त्या डब्याला हात लावायचा नाही आणि रोटाचा तुकडा भावकीबाहेर जाऊ द्यायचा नाही, दिलेल्या लेकीलासुद्धा नाही. आमच्या भावकीत ते पीठ पौर्णिमेपर्यंत पुरवतात. वरून घ्यायचं, झाकण लावायचं. डबा पाटावरून हलतो तो थेट पौर्णिमेला.

पोस्टमन म्हणाला, रजिस्टर आहे, सही लागेल. पाकिटावर नाव दिपमालाचं होतं. दिपमाला माझी धाकटी जाऊ. आमच्या एरंडोलमध्ये ती शाळेची व्हॅन चालवते आणि त्या वेळी मुलांना घरी सोडायला गेली होती. मी हात पदराला पुसले आणि सही केली. सही करायला मला फार आवडतं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचन मी किराणा दुकानाच्या पुड्यांवरून, लग्नपत्रिकांवरून आणि धाकट्या दिराच्या जुन्या पुस्तकांवरून केलं. त्यामुळे सही करताना मी एक अक्षर गाळत नाही. प्रमिला नवल महाजन. पोस्टमनला घाई होती, तरी तो थांबला.

पाकिटावर सरकारी शिक्का होता. घरात पाहुणे उतरलेले, पोरं धावतायत, कुणी पाकिटाची होडी करील याचा नेम नाही. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कोणती, असा मी विचार केला आणि उत्तर समोरच होतं. पाट उचलला नाही, फक्त डब्याखालच्या फडक्याची कड वर केली आणि पाकीट आत सरकवलं. तिथे उंदीरसुद्धा अंघोळ करून जात असेल.

आणि विसरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला विचारायला नको.

सोमवारी सकाळी अकरा वाजता दिपमाला डोक्यावर कानबाई घेऊन अंजनी नदीच्या पाण्यात उभी होती. हिरवं लुगडं, मळवट भरलेला, आणि आम्ही बायका भोवती फुगड्या घालत होतो. मला नंतर कळलं, की बरोबर त्याच वेळी जिल्ह्याच्या कचेरीत शिपायाने तिचं नाव तीनदा पुकारलं होतं. तिकडे तिचा पुकारा, इकडे कानबाईचा. आमचा आवाज मोठा होता, काही ऐकू आलं नाही.

पौर्णिमेला मी डबा उचलला, फडकं झटकलं आणि पाकीट पायावर पडलं.

तसंच ओल्या हातांनी फोडलं. जुलैतल्या एका तारखेला सकाळी सात एकवीसला महामार्गावर वाहन चालवताना मोबाइलवर बोलत असल्याचं छायाचित्र, चलन भरण्यास नकार, सबब लायसन्स निलंबित का करू नये याचा खुलासा करण्यासाठी सोमवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. हजर न राहिल्यास एकतर्फी निर्णय घेण्यात येईल. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. वाचता येतं याचं त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

दिपमाला भावाला राखी बांधायला चोपड्याला निघाली होती, पिशवी हातात होती. ती आल्यावर सांगू, असं एकदा मनात आलं. पण पाकीट माझ्या हातात होतं आणि तोंड माझं असं आहे, की ते काही लपवत नाही. तिने कागद घेतला, वाचला, पिशवी खाली ठेवली.

“अक्का, तारीख ते गयी,” एवढंच म्हणाली.

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. उलट भाऊ वाट बघत असेल म्हणून ती बसने चोपड्याला गेली आणि माझ्यासाठी तिकडून वांगी घेऊन आली. मंगळवारी दुसरं पाकीट आलं. तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित, मूळ लायसन्स कचेरीत जमा करावे.

आता त्या चलनाचं सांगते. दिपमाला गाडीत बसली, की फोन घेत नाही. घेत नाही म्हणजे जवळ ठेवतच नाही. हात दोनच आहेत आणि ते आठ मुलांचे आहेत, असं तिचं म्हणणं. फोन घरी माझ्याकडे असतो. आयांचे फोन मी घेते आणि वहीत वेळ घालून लिहिते, कारण आया नंतर म्हणतात, आम्ही सांगितलं होतं. रोजची पहिली ओळ ठरलेली असते. गाडी वळणावर गेली, की मी घड्याळ बघते आणि लिहिते, “६.४८. गेली.”

मग ती फोनवर बोलताना फोटोत कशी आली? चलन आलं तेव्हा तिने फोटो पाहिला आणि हसत सुटली. त्या आठवड्यात तिचा कान ठणकत होता. मी जाड मीठ आणि ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी बांधून दिली होती, शेकायला. कापड मोडक्या छत्रीचं, काळं. हाताशी तेच होतं. म्हणजे पुरचुंडी माझी, कापड माझं, आणि नोटीस डब्याखाली घालणारीही मीच. जे केलं नाही त्याचं चलन भरणार नाही, असं ती म्हणाली होती आणि मीच तिला म्हटलं होतं, बरोबर आहे, भरू नको.

लायसन्स जमा झालं आणि व्हॅन अंगणात उभी राहिली. मुलांना वना नेऊ लागला. वनाची स्वतःची व्हॅन आहे आणि दिपमालाच्या रस्त्यावर त्याचा दोन वर्षांपासून डोळा. शाळेच्या फाटकापाशी तो म्हणाला म्हणे, बाईचं लायसन्स जाणं म्हणजे बाई रुसून माहेरी जाणं, एकदा गेलं की लवकर परत येत नाही. मुख्याध्यापकांनी दिपमालाला बोलावून स्पष्ट सांगितलं, की गणपती बसेपर्यंत थांबतो. त्याआधी लायसन्स आलं तर ठीक, नाहीतर रस्ता कायमचा वनाला. ती घरी आली आणि व्हॅन धुवायला लागली. रोज धुवायची. न चालवलेली गाडी.

माझ्या वहीत त्या दिवसांत नुसत्या तारखा आहेत.

कचेरीबाहेरचे एजंट म्हणाले, तीन महिने गप बसा, सगळेच बसतात. दिपमालाचा नवरा मगन कापसाच्या जिनिंगमध्ये आहे, शांत माणूस, तोही म्हणाला, वहिनी, सरकारशी कोण भांडतं. पण मी कागद दोन्ही बाजूंनी वाचते. ही सवय पुड्यांची. पुडी उलटली, की गोष्टीचा शेवट मागच्या बाजूला असतो. आदेशाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की तीस दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे कारणांसह अर्ज करता येईल. मी कारणं लिहायला बसले. पहिलं कारण लिहायला फार वेळ लागला, कारण ते मी होते.

दुसऱ्या कारणासाठी वही काढली. जुलैची ती तारीख उघडली आणि सात एकोणीसची नोंद वाचल्यावर उठून चप्पल घातली.

ती नोंद विधीताईंची होती. विधीताई म्हणजे बाजारपेठेतल्या भिकमचंदजींच्या कापडाच्या दुकानातल्या सूनबाई. त्यांची पलक दिपमालाच्या व्हॅनमध्ये. त्या सकाळी पलकचा डबा घरी राहिला होता आणि त्यांनी दिपमालाच्या नंबरवर फोन केला. उचलला मी. सात एकोणीस ते सात चोवीस. म्हणजे फोटोतल्या सात एकवीसला तो फोन माझ्या कानाला होता आणि पलीकडून विधीताई मला पाच मिनिटं बोलत होत्या. सरळ बोलत होत्या असं नाही.

दुकानात त्यांनी मला गादीवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, डब्यासकट. त्यांना आठवलं, आणि नेमकं काय बोलल्या तेही आठवलं. चेहरा पडला.

“मी जे म्हणाले ते पण लिहिलंय का वहीत?”

“लिहिते मी सगळं.”

त्या सासऱ्यांकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, की मी येते, कंपनीकडून कॉलची यादीही काढून आणते, पण ती ओळ साहेबांपुढे वाचू नका, दुकानाचं नाव आहे. मी कबूल झाले. भिकमचंदजी चष्म्यातून थान मोजत होते, ऐकत नसल्यासारखे. मी निघताना म्हणाले, बहू, त्या दिवशी अखिलला सांग गाडी काढायला, या बाया बसने कशाला जातील. अखिल म्हणजे विधीताईंचा नवरा.

सुनावणीची तारीख मिळाली ती गणपती बसायच्या आदल्या दिवसाची. हाताशी तेवढा एकच दिवस.

वरिष्ठ साहेब कोकणाकडचे होते, तरुण, पातळ अंगाचे. बाजूला झुलालभाऊ नावाचे लिपिक, आमच्याच भागातले, कानाच्या मागे पेन. दिपमाला माझ्या डावीकडे, विधीताई मागच्या खुर्चीवर. साहेबांनी फाइल उघडली आणि पोस्टाची पोचपावती बाहेर काढली.

“नोटीस मिळालेली दिसते. सही आहे.”

“सही माझी आहे साहेब,” मी म्हटलं.

“नाव यांचं आणि सही तुमची?”

“मला माझीच सही येते.”

घरातल्या मोठ्या माणसाने सही केली, तरी नोटीस पोचली असंच धरतात, असं त्यांनी समजावलं. मग तुम्ही यांना सांगितलं का नाही? आता सांगणं भाग होतं. मी रोटापासून सुरुवात केली. साहेबांना कानबाई माहीत नव्हती. पीठ, पाट, फडकं, पौर्णिमा, असं मी सांगत गेले आणि ते पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी झुलालभाऊंकडे वळले. झुलालभाऊ म्हणाले, साहेब, खरं आहे, त्या डब्याला आमच्याकडे चोरसुद्धा हात लावत नाही. मग मला विचारलं, “तुमना रोट पुनीले उठस का? आमना ते सोमवारीच उठस.” मी म्हटलं, आमचा पौर्णिमेलाच, तुमचा सोमवारी, भावकी-भावकीचं वेगळं. साहेबांनी घसा साफ केला.

“म्हणजे तारीख चुकली ती तुमच्यामुळे.”

“सगळी माझ्यामुळे. लायसन्स मात्र तिचं गेलं.”

त्यांनी फाइलमधला फोटो आमच्याकडे फिरवला. दिपमाला, स्टीअरिंगवर एक हात, दुसरा कानाला, त्यात काळं काहीतरी. म्हणाले, तारखेचं एक वेळ समजून घेईन, पण हे काय आहे ते सांगा.

मी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी दोन पानं चाळली. रोनकचं पोट दुखतंय, काल जिलबी खाल्ली. मेघा आजोळी, सोमवारी येणार. ६.४८ गेली, ८.१० आली. कुठेतरी त्यांच्या ओठाची कड हलली. मग म्हणाले, त्या दिवसाचं तुम्हीच वाचा.

मी वाचलं. “सात एकोणीस. विधीताई. पलकचा डबा राहिला. गाडी महामार्गाच्या तोंडाशी थांबवा म्हणतात, माणूस स्कूटरवर डबा आणतो. मी म्हटलं, दिपमालाजवळ फोन नसतो, कळवू कशी. विधीताई रागावल्या. सात चोवीसला ठेवला.”

आणि वही मिटली.

“मधे अजून एक ओळ आहे,” साहेब म्हणाले. त्यांची नजर चांगली होती.

मी मिटलेल्या वहीवर हात ठेवला. शब्द दिला होता. डाव्या बाजूला दिपमाला मांडीवर हात ठेवून बसली होती, दोन्ही हात, जसे स्टीअरिंगवर ठेवते तसे. साहेब म्हणाले, बाई, अर्धी नोंद मी पुरावा म्हणून कशी धरू? त्यांचं बरोबर होतं. माझ्या मनात आलं, एका बाजूला शब्द आहे आणि एका बाजूला हे दोन हात, आणि मला कुठेही बघवेना.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली.

“वाचा काकू,” विधीताई म्हणाल्या. “मीच बोलले आहे ते.”

मी वही उघडली. आवाज माझा नेहमीपेक्षा बारीक लागला. “विधीताई म्हणाल्या, गाडी आहे आणि फोन नाही, असली बिनफोनची ड्रायव्हर मी जन्मात पाहिली नाही, तुमची जाऊ काय कबुतर उडवते का.”

झुलालभाऊंनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

साहेब हसले नाहीत. त्यांनी ती ओळ स्वतः पुन्हा वाचली, मनातल्या मनात, बोट ठेवून. मग विधीताईंनी कंपनीचा शिक्का मारलेली यादी पुढे केली. सात एकोणीस, पाच मिनिटं, नंबर तोच. साहेबांनी आदेशावरचा नंबर बघून आपल्या फोनवरून लावला. माझ्या मांडीवरच्या पिशवीत घंटी वाजली. दिपमालाची पिशवी रिकामी, गप्प.

“आत्तापण तुमच्याकडेच?”

“आम्ही गाडीने आलो ना साहेब. ती चालवत नव्हती, पण सवय.”

मग कानाला काय होतं, हा प्रश्न राहिलाच होता. मी पिशवीतून पुरचुंडी काढली. तीच, काळ्या छत्रीच्या कापडाची; गाठ अजून सोडली नव्हती. साहेबांनी हातात घेऊन वास घेतला. ओवा जुना झाला, तरी वास सोडत नाही. त्यांनी ती फोटोशेजारी ठेवली आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले.

मग दिपमालाकडे वळून पहिल्यांदा तिच्याशी बोलले. म्हणाले, फोन नव्हता हे मान्य, पण मुलं गाडीत असताना एक हात सोडणं हेही चूकच आहे. ती उठून उभी राहिली.

“चुकलं साहेब. कान दुखेल त्या दिवशी गाडी काढणार नाही.”

इतकंच. तिची बाजू मांडायला मी घरून दोन पानं लिहून नेली होती, ती तशीच राहिली. साहेबांनी आदेशावर लिहायला सुरुवात केली आणि मी उलट्या बाजूने वाचत होते. उलटं वाचायची सवयही पुड्यांचीच. समज देऊन निलंबन रद्द. लायसन्स परत करावे. झुलालभाऊंनी शिक्का इतक्या जोरात मारला, की शाईची डबी उडाली. मग कपाटातून लायसन्स काढून दिपमालाच्या हातात देताना म्हणाले, “ले बहीण. आते डबाखाल ठेवू नको.”

निघताना साहेबांनी मला थांबवलं. विचारलं, हा रोट कुठे मिळतो का? मी म्हटलं, साहेब, तुम्ही मागितलं ते सगळं दिलं, पण तो नाही देता यायचा, भावकीबाहेर जात नाही. पुरणपोळीला मात्र या. त्या वेळी ते हसले.

बाहेर अखिल गाडीपाशी उभा होता. विधीताई पायऱ्या उतरत म्हणाल्या, आता माझं कबुतर सगळ्या कचेरीला माहीत झालं. मी माफी मागणार होते, पण त्यांनी नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली आणि दिपमालापुढे धरली. अखिलने एकदा गाडीकडे बघितलं, नवीच होती, आणि मागे जाऊन बसला.

दिपमालाने आधी सीट पुढे घेतली, मग आरसा नीट केला, मग तिचा फोन माझ्या पिशवीत आहे ना ते विचारलं. गाडी महामार्गाला लागली. दोन्ही बाजूंना कपाशी, मधेच केळीचा हिरवा पट्टा. एरंडोलच्या अलीकडे, जिथे तो फोटो निघाला होता तिथेच, वाहतूक पोलिसांची गाडी झाडाखाली उभी होती. कॅमेरा रस्त्याकडे लावलेला. दिपमालाने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. पाठ ताठ केली आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर असे ठेवले, की फोटो काढायचाच असेल तर आता काढा.

मुख्याध्यापकांना कागद त्याच संध्याकाळी दाखवला. गणपतीची सुट्टी संपली आणि शाळेच्या पहिल्या सकाळी फाटकापाशी दिपमालाच्या जागेवर वनाची व्हॅन उभी होती, सवयीने. पलक आधी उतरली आणि वनाला म्हणाली, काका, ही आमची जागा आहे. वनाने गाडी मागे घेतली. दुपारी तो आमच्या दाराशी आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता विचारलं, वहिनी, तुमची ती वही कोणत्या दुकानातली? माझाही फोन कुणी घरी घेईल का ते बघतो. मी दुकान सांगितलं. वहीचंच सांगितलं, फोन घेणारी मिळणं त्याचं नशीब.

पण ते दुपारचं. सकाळचं राहिलं.

सकाळी दिपमालाने व्हॅन अंगणातून काढली. पंधरा दिवस धुतलेली गाडी, उन्हात बघवत नव्हती इतकी चमकत होती. तिने फोन माझ्या हातात दिला. मी पायरीवर बसले, वही मांडीवर. गाडी वळणावर गेली, तिने नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला. मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं, दोन ओळींत मावेना.

६.४८. गेली.